येलदरीचं पाणी: दिसतं, पण येत नाही

आजचा एपिसोड सुरू करायच्या आधीच सांगून टाकतो, या विषयावर मी तटस्थ नाहीये. गेले दोन आठवडे माझं आणि बाबांचं भांडण चालू आहे, आणि ते बोअरवरून आहे.

हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात आमचं गाव. शेती सहा एकर. एक जुनी विहीर, आज्यानं खांदलेली. दोन बोअर. त्यातला एक कोरडा, दुसरा फेब्रुवारी लागला की तासभर चालतो आणि मग गुळण्या टाकायला लागतो. बाबांना तिसरा घ्यायचाय, पाचशे फुटांचा, कारण यंदा दीड एकर हळद आहे. बोअरच्या गाडीवाल्यानं सांगितलंय, पाचशे फुटांखाली नदीच वाहते. पैसे मी द्यायचेत. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, घरात महिन्याच्या महिन्याला पगार येणारा मी एकटाच.

बाबा म्हणाले, "हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण लेका, लवकर म्हण."

मी दोन आठवडे मागितले. आमच्या धंद्यात एक सवय लागते. चालू सिस्टीम बिघडली की लगेच नवा कोड लिहायचा नाही. आधी हिस्ट्री काढायची, कुठला बदल कुणी, कधी आणि कशासाठी केला. तर या दोन आठवड्यांत मी आमच्या भागातल्या पाण्याची हिस्ट्री काढली. जे सापडलं ते आज तुम्हाला सांगतो.

सुरुवात आमच्या माळावरून करू. पावसाळ्यानंतर आभाळ स्वच्छ असलं की आमच्या माळावरून येलदरी धरणाचं पाणी दिसतं. निळं, पसरलेलं, अगदी समुद्रासारखं वगैरे. लहानपणी पाहुणे आले की आम्ही त्यांना ते दाखवायला न्यायचो. आणि त्याच वेळी घरात आई टँकरच्या रांगेत घागरी लावायची. लहानपणी यात काही विचित्र आहे असं वाटायचं नाही. आज्याला एकदा विचारलं होतं, एवढं पाणी असून आपल्याला का नाही? तो म्हणाला, "पाणी हाय, पण आपलं नाई." विषय संपला.

आता त्याचं उत्तर थोडं लांबवू.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला झाला, परभणीतून वेगळा काढून. पण त्याच्या आधीची सव्वादोनशे वर्षं हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. हिंगोलीला निजामाच्या कंटिन्जंट फौजेची छावणी होती. म्हणजे गाव सरकारच्या नजरेबाहेरचं होतं असं नाही. पण पाण्याच्या बाबतीत हैदराबादचं लक्ष तेलंगणाकडे होतं. निजामाचं सगळ्यात गाजलेलं धरण म्हणजे निजामसागर, १९२३ ला काम सुरू, १९३१ ला पूर्ण. ते कुठल्या नदीवर? मांजरा. मांजरा उगम पावते बीड जिल्ह्यात, वाहते लातूरमधून, आणि अडवली गेली निजामाबादेत.

इथं आपल्याला लगेच "मराठवाड्यावर अन्याय" असं म्हणायची सवय आहे. थोडं थांबा. तेलंगणात काकतीय राजांच्या काळापासून तळी बांधायची रीत होती. तिथली जमीन, तिथला खडक, तिथली भाताची शेती, सगळं तळ्याच्या पाण्याला सरावलेलं. आपल्याकडची काळी, चिकण जमीन वेगळी. ती पाणी धरून ठेवते. पावसाळ्यात पोटभर पाणी प्यायलेली खोल काळी जमीन रब्बीची ज्वारी जवळजवळ एकाही पाण्याशिवाय काढून देते. म्हणून आपल्याकडचा जुना शेतकरी पाणी जमिनीवर साठवायच्या भानगडीत फार पडला नाही. त्याची टाकी म्हणजे त्याचं रानच होतं. बाकी भाजीपाला, मिरची, थोडा गहू यांच्यापुरती विहीर आणि मोट. बैल धावेवरून खाली उतरणार, नाडा ताणणार, मोट वर येणार, थारोळ्यात पाणी ओतणार, आणि पाटानं ते रानात जाणार. दिवसभर बैल राबले तरी भिजून भिजून किती भिजणार? थोडंसंच. विहिरीत पाणी उरायचं, कारण बैल दमायचे. या वाक्यावर आपण पुन्हा येऊ.

आता येलदरी. संस्थान गेलं, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला. याच सुमारास पूर्णा प्रकल्प उभा राहिला. पूर्णा नदी अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते आणि शेवटी गोदावरीला मिळते. (अमरावती-अकोल्याकडची, तापीला मिळणारी पूर्णा वेगळी. मी पहिले दोन दिवस चुकीच्या नदीबद्दल वाचत होतो.) या पूर्णेवर दोन धरणं झाली, वर येलदरी आणि खाली औंढा तालुक्यात सिद्धेश्वर. १९६८ च्या सुमारास दोन्ही पूर्ण झाली.

इंजिनियरिंग म्हणून बघितलं तर डिझाइन सुंदर आहे. येलदरी ही मोठी टाकी. उपयुक्त साठा साधारण ८०९ दशलक्ष घनमीटर. सिद्धेश्वरचा उपयुक्त साठा त्याच्या एक दशांश, ८१ च्या आसपास. येलदरीतून पाणी सोडताना ते टर्बाइनवरून सोडायचं, साडेबावीस मेगावॅटची वीज करायची. तेच पाणी नदीतून खाली सिद्धेश्वरला पकडायचं, आणि तिथून कालव्यात घालायचं. एकाच पाण्याची दोन कामं. कालव्याखाली परभणी, हिंगोली, नांदेड मिळून सुमारे ५८ हजार हेक्टर जमीन.

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. कालवा सुरू होतो सिद्धेश्वरपासून. आमचं गाव येलदरीच्या जलाशयाच्या बाजूला, म्हणजे कालव्याच्या तोंडाच्या कितीतरी वर, आणि उंचावर. पाणी उताराला जातं. एवढं साधं आहे. आमच्या बाजूच्या लोकांच्या नदीकाठच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, तीच सगळ्यात चांगली काळी जमीन होती. पाणी गेलं वसमतकडे. तिकडे ऊस आला, पूर्णा साखर कारखाना आला, केळी आली, आणि हळद तर एवढी आली की २०२४ ला "वसमत हळद" या नावानं भौगोलिक मानांकन मिळालं. एका जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले म्हणा ना. लग्न जमवताना आमच्याकडे अजून विचारतात, "मुलीकडचे कालव्याखालचे आहेत का?"

वसमतच्या लोकांवर माझा राग नाही. धरण कुठंतरी बांधावं लागतं आणि त्याच्या वरच्या बाजूला कुणीतरी राहत असतंच. पण वरच्यांसाठी वेगळं काय करायचं, हा प्रश्न त्या डिझाइनमध्ये नव्हताच. बॅकवॉटरवरून मोटर टाकून पाणी उपसायची परवानगी मिळते. पण दुष्काळ पडला की साठा प्यायला राखीव होतो आणि पहिली लाइट कापली जाते ती या मोटरींची. मग पाणी मागं हटलं की उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर करायची. धरण आटलं तर आम्हाला शेत मिळतं, असा उलटा हिशोब.

आणि पुढं येलदरीच्या वरही कुणीतरी होतंच. बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा धरण झालं. आता चांगला पाऊस होऊन ते भरल्याशिवाय येलदरीत पुरेसं पाणी येत नाही. मग वसमतचे शेतकरी बुलढाण्याकडे बघून तेच म्हणतात, जे माझा आज्या वसमतकडे बघून म्हणायचा.

आता बाहत्तर. मराठवाड्यात "बाहत्तर" म्हटलं की पुढं "दुष्काळ" म्हणावं लागत नाही. सलग पाऊस हुकला, १९७२ ला कळस झाला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. सरकारनं गावोगाव दुष्काळी कामं काढली. खडी फोडणं, रस्ते, बांधबंदिस्ती, नालाबंडिंग आणि पाझर तलाव. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर जवळपास ५० लाख माणसं या कामांवर होती. आमच्या घरातून आज्या आणि आजी दोघं होते. आजी सुकडीबद्दल सांगायची आणि अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोबद्दल तर फारच वाईट बोलायची. तिच्या मते ती ज्वारी जनावरांनाही घालू नये. आमच्या गावच्या पाझर तलावाची माती त्या दोघांनी डोक्यावरून वाहिलीय. तो तलाव आजही आहे, गाळानं निम्मा भरलेला.

या कामांतूनच रोजगार हमीचा कायदा झाला. वि. स. पागे यांनी ही कल्पना आधीपासून धरून ठेवली होती. दुष्काळानं ती राज्यभर वापरून बघितली गेली, १९७७ ला कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पुढं २००५ ला सगळ्या देशाला जो रोजगार हमीचा कायदा मिळाला, त्याचं मूळ इथं आहे.

पण मला बाहत्तरबद्दल सगळ्यात खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ते हमखास एक वाक्य बोलतात: तेव्हा धान्य नव्हतं पण विहिरीला पाणी होतं, आता धान्य आहे पण पाणी नाही. आधी मला हे नॉस्टॅल्जिया वाटायचं, आमच्या वेळी सगळं चांगलं होतं, तसलं. पण विचार करा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. रेल्वेनं! बाहत्तरमध्ये रेल्वेनं धान्य आलं, २०१६ मध्ये पाणी. मधल्या ४४ वर्षांत काय बदललं?

बैल दमायचे, ते बंद झालं.

आधी ऑइल इंजिन आलं, मग वीज, मग बोअर. गंमत म्हणजे बोअर आपल्याकडे आला तो शेतीसाठी नाही, प्यायच्या पाण्यासाठी. विहिरी आटलेल्या गावांत खडक फोडून खोल छिद्र पाडायचं आणि वर हातपंप बसवायचा. सुरुवातीचे ओतीव लोखंडाचे हातपंप एका घराच्या वापरासाठी बनवलेले होते. सगळं गाव त्यावर तुटून पडलं की महिन्या-दोन महिन्यांत मोडायचे. तेव्हा आपल्याच मराठवाड्यात, जालन्यात, मिशनच्या पाणीपुरवठ्याच्या कामातून एक दणकट पंप तयार झाला. सोलापुरात त्याची सुधारित आवृत्ती झाली. त्यावरूनच पुढं युनिसेफच्या पुढाकारानं "इंडिया मार्क टू" हा पंप बनला, जो नंतर आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत गेला. शाळेच्या आवारात ज्याच्या दांड्याला आपण लोंबकळलो, तो पंप. त्याच्या खानदानात जालना आहे, हे मला या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं.

हातपंपानं जमिनीतलं पाणी संपत नाही. माणूस दमतो. पण तेच छिद्र, त्यात सबमर्सिबल मोटर, आणि वीजबिल मीटरवर नाही तर हॉर्सपॉवरवर. म्हणजे तासभर चालवा की दहा तास, बिल तेवढंच. २०२४ पासून तर साडेसात हॉर्सपॉवरपर्यंत शेतीपंपाला वीज मोफतच आहे. शेतकऱ्याला दिलासा पाहिजेच, त्याबद्दल वाद नाही. पण आता दमणारं कुणीच उरलं नाही. ना बैल, ना माणूस, ना खिसा. थांबतो तो फक्त खडक.

आणि खडक आपला बेसॉल्ट आहे. लाव्हारसाचे थर एकावर एक. विहीर खांदणाऱ्यांना हे पुस्तकाशिवाय माहीत असतं: वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. पाणी राहतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि पाषाणाच्या भेगांत. खडकाच्या एकूण आकारमानाच्या फार तर एक ते तीन टक्के पाणी त्यातून उपसता येतं. गाडीवाला म्हणतो तशी खाली नदीबिदी नसते. असतात त्या चिरा, आणि त्यातलं पाणी वरूनच, अनेक वर्षांत झिरपलेलं असतं.

मी बाबांसमोर हिशोब मांडला. दोन टक्के धरा. आमच्या सहा एकरांखालची पातळी एक मीटर उतरली की मिळणार सुमारे पाच लाख लिटर. दीड एकर हळदीला ठिबकनं दिवसाला चार मिलिमीटर धरलं तर रोजचं लागणार २४ हजार लिटर. म्हणजे एका मीटरमध्ये हळदीचे वीस दिवस. हळद मे-जूनमध्ये लागते, निघते जानेवारीच्या पुढं. पाऊस थांबल्यापासून शंभर दिवस धरले तरी पाच मीटर. आणि आजूबाजूचे सगळे त्याच खडकातून ओढतायत. पाचशे फूट खाली गेलो म्हणून पाणी वाढत नाही, आपण फक्त लांब स्ट्रॉ लावतो.

बाबा म्हणाले, "मंग हळद मोडू? सोयाबीनवर घर चालते का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सोयाबीनचा भाव त्यांना माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. हिंगोलीच्या हळद मार्केटला गाडी नेली की हातात जी रक्कम येते, तिच्यातूनच माझी बीटेकची फी भरली गेलीय. म्हणजे मी ज्या पाण्याविरुद्ध बोलतोय, त्याच पाण्यावर मी इंजिनियर झालो. हे बोलताना मला जरा लाजल्यासारखं होतं, पण खरं आहे ते.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो. महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९ चा, लागू झाला २०१४ पासून. त्यात ६० मीटर, म्हणजे जवळपास दोनशे फूट, किंवा त्याहून खोल असली की ती "खोल विहीर", आणि शेतीसाठी अशी खोल विहीर घेण्यावर बंदी. आमच्या तालुक्यात कुठल्याही चहाच्या टपरीवर हा आकडा सांगून बघा. लोक हसतील. गाड्यांवरच मोठ्या अक्षरात "हजार फूट" लिहिलेलं असतं.

मग कुणाला हे जमलं का? जमलं. मला सगळ्यात आवडलेला माणूस इंजिनियरच आहे. विलासराव साळुंखे, पुण्यात कारखाना चालवायचे. बाहत्तरच्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात लोकांना खडी फोडताना बघून हलले. नायगावला देवस्थानची चाळीसेक एकर माळाची जमीन कसायला घेतली, पाणी अडवून दाखवलं, आणि त्यातून १९७४ च्या सुमारास पाणी पंचायत उभी राहिली. पाणी अडवणारे पुष्कळ झाले. साळुंखेंनी नियम लिहिले, हे वेगळं. पाणी जमिनीप्रमाणे नाही, माणसांप्रमाणे. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, घराला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही हिस्सा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क सोबत जाणार नाही. आणि ऊस लावायचा नाही. मला हे वाचताना अक्षरशः कोड रिव्ह्यू केल्यासारखं वाटलं. प्रत्येक नियम एकेक पळवाट बंद करतो.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं पुढं तेच केलं. शेतीसाठी बोअर बंद, दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद, आणि त्यावरून पिकं ठरवायची. आपल्याकडे २०१८ पासून पोकरा प्रकल्पात हिंगोलीही होता. त्यात गावागावांचे पाण्याचे ताळेबंद मांडले गेले. आयआयटी मुंबईनं त्याची आकडेमोड बसवून दिली होती. आकडे चांगले आहेत. पण आकडा भिंतीवर लागणं आणि गावानं त्यावरून एखाद्याला "तू यंदा हळद एकरभरच लाव" असं तोंडावर सांगणं, यात फार अंतर आहे. सांगणाऱ्याला त्याच गावात राहायचं असतं.

मी काय केलं? ग्रामसभा भरवण्याइतका मी शूर नाही, शिवाय राहतो पुण्यात. मी बाबांना म्हटलं, बोअरचे पैसे तयार आहेत, पण आधी विहीर मोजू. दर मंगळवारी सकाळी, मोटर चालू करायच्या आधी, दोरीला दगड बांधून आत सोडायचा. दोरीला फुटाफुटावर गाठ. आकडा मला व्हॉट्सॲपवर पाठवायचा, मी शीटमध्ये भरणार. बाबांना आधी हा पोरखेळ वाटला. पहिला आकडा आला २७ फूट.

त्याच आठवड्यात शेजारच्या रानात गाडी आली. रात्रभर घरघर चालू होती, आईनं फोनवर ऐकवली. ४८० फुटांवर दोन इंची पाणी लागलं. गुलाल उधळला, पेढे वाटले. आमच्याकडेही पुडा आला. बाबांनी मला त्या पेढ्यांचा फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नाही. मी ओळखलं.

या मंगळवारी दोरी सोडली. २९ फूट. ही दोन फुटं आमच्या हळदीनं प्यायली की शेजारच्या बोअरनं, हे एका आकड्यावरून सांगता येत नाही, आणि मी तसं बाबांना सांगितलंही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, शेजाऱ्याच्या विहिरीतपण सोडून बघतो दोरी, त्यालापण बघायचंय.

दोरी पुरत नव्हती. त्याची विहीर आमच्यापेक्षा खोल आहे. बाबांनी काल सेनगावच्या बाजारातून नवी आणली आणि आई अंगणात बसून गाठी मारतेय.